सीव्हीवर वच्छलाबाईचं नाव

तुमच्या नात्यागोत्यातली नसलेली, तरीही तुम्हाला ओळखणारी अशी दोन प्रतिष्ठित माणसं तुमच्याकडं आहेत का? नावानिशी, हुद्द्यानिशी, फोन नंबरानिशी? चटकन सांगा. अडखळलात ना? तुम्ही शिकलेसवरलेले, बँकेत गेलात तर चारजण नमस्कार करणारे, आणि तरी घडीभर छताकडं बघावं लागलं. मग करमाडच्या पांदीच्या वाटेला मेंढ्यांच्या जाळीशेजारी पाल ठोकून राहणाऱ्या मुंजाबा डोईफोडेनं काय करावं?

मुंजाबा तेवीस वर्षांचा. बाप त्रिंबक, माय बानाबाई, आणि तीनशेच्या आसपास मेंढ्या. दिवाळी झाली की यांचा कळप निघतो. शहराला वळसा घालून देवगाव रंगारीकडं, तिथून पुढं कन्नडच्या अंगानं. कुणाच्या मोकळ्या रानात चार दिवस, कुणाच्या आठ. मेंढ्या रानात बसवायच्या, लेंडीखत रानाला मिळतं, रानमालक बदल्यात ज्वारी-बाजरी देतो. मिरगाच्या आत माघारी. या चालण्यातच पोरानं दहावी केली. मग बापाचा गुडघा गेला म्हणून दोन वर्षं शाळा सुटली. मग बारावी, आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पुस्तकं घोडीच्या पाठीवर, पिठाच्या डब्याला खेटून. एका पुस्तकाची पानं अजून बाजरीच्या पिठानं चिकटलेली आहेत. पास झाला तरी ती त्यानं उघडली नाहीत, गरजच पडली नाही म्हणतो.

तर दिवाळी झाली आणि शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर त्यानं कागद वाचला. स्टोअर असिस्टंट पाहिजे. फ्रेशर चालेल. प्रोफेशनल सीव्ही, दोन रेफरन्ससह, शनिवारी पाचच्या आत. वाचला तो गुरुवार होता. कळप पुढच्या मंगळवारी निघणार होता. नोकरी लागली तर त्रिंबकनं मेंढ्यांमागं दुसरा गडी बघायचा, नाही लागली तर मुंजाबानं काठी उचलायची. मंगळवारच्या आत काय ते कळलं पाहिजे, बस. इतकी सरळ गोष्ट.

सरळ! मुकुंदवाडीच्या रामकिसनच्या दुकानात गेल्यावर कळलं.

रामकिसनचं दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळे ऑनलाइन फॉर्म, आणि पाटीवर खाली लाल अक्षरात 'प्रोफेशनल सीव्ही बनवून मिळेल'. बनवायची रीत अशी की कालच्या पोराचा सीव्ही उघडायचा, त्याचं नाव खोडायचं, आजच्याचं घालायचं.

"नाव?"

"मुंजाबा त्रिंबक डोईफोडे."

"जिल्हा?"

"छत्रपती संभाजीनगर."

"मार्कमेमोवर औरंगाबाद हाय."

"तवा ते व्हतं."

"साहेब इचारंल, भाऊ, तू दोन जिल्ह्यातला हायेस का म्हनून," रामकिसन म्हणाला आणि स्वतःच हसला. दिवसातून दहादा करायचा विनोद असावा, हसण्यात जीव नव्हता.

पडद्यावर सगळ्यात वर इंग्रजीत चार ओळी आधीच बसलेल्या होत्या. आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची आणि स्वतःची प्रगती साधण्याची इच्छा, असलं काहीतरी.

"हे काय हाय?"

"ऑब्जेक्टिव्ह."

"म्हंजी?"

"म्हंजी काय नाय. राहू दे. समद्यांचं तेच असतं."

खाली छंद: क्रिकेट, वाचन, प्रवास. मुंजाबा म्हणाला, "मी क्रिकेट खेळत नाय." रामकिसन म्हणाला, "तुला कोन बॅट देऊन राह्यलंय? राहू दे." प्रवासाला मात्र मुंजाबानं हरकत घेतली नाही. वर्षाला सात महिने पायी, त्याला दुसरं काय म्हणणार?

मग स्ट्रेंथ. ऑनेस्ट, हार्डवर्किंग.

"मी प्रामानिक हाय हे मीच लिवायचं?"

"मंग काय तुझ्या आज्यानं लिवायचं?"

"आमच्यात असं सोताच्या तोंडानं बोलला ना, तर रानमालक दुसऱ्या साली बोलवत नाय."

"इथं नाय बोललास तर पैल्याच साली नाय बोलवत. बस गपगुमान." मग रामकिसनचं बोट थांबलं. "दहावी अन् बारावीत चार सालं? गॅप कामून हाय?"

"मेंढ्यामागं व्हतो. बाचा गुडघा..."

"ते नको लिवू. कावीळ टाकतो."

"कावीळ?"

"समदे कावीळच टाकतेत. कुनी सर्टिफिकेट मागत नाय."

"अरे पन मला आठ सालात साधा ताप नाय आला!"

"मेंढ्यापेक्षा कावीळ बरी दिसती कागदावर," रामकिसन म्हणाला. त्यात कुचेष्टा नव्हती, धंद्यातलं ज्ञान होतं. राग त्याच गोष्टीचा यावा. अशा रीतीनं गुरुवारी दुपारी बारा वाजता धडधाकट मुंजाबाला कावीळ झाली, आणि अनुभवाच्या रकान्यात लिहिलं गेलं: निल. पंधराव्या वर्षापासून उन्हातान्हात तीनशे जिवांची राखण केलेला माणूस, आणि कागद म्हणतो याला कशाचाच अनुभव नाही!

शेवटचा रकाना रेफरन्सचा.

"सरपंच टाक, न्हायतर नानासाहेब टाक," रामकिसन म्हणाला. "करमाडची समदी पोरं नानासाहेबच टाकतेत. अन् त्याचं लेटरहेड आनून वर लाव. वजन येतं."

नानासाहेब म्हणजे करमाडच्या चौकातले पुढारी; कुठल्याच खुर्चीवर नाहीत, पण प्रत्येक फ्लेक्सवर आहेत. त्रिंबक पोराला घेऊन त्यांच्या ऑफिसला गेला. चपला पार रस्त्यावर काढल्या. दीड तास बाकड्यावर बसले. शेवटी नानासाहेबांनी फोन कानाचा जरासा बाजूला धरला.

"कुनाचा रं तू?"

"डोईफोडेचा, नाना. मेंढकं आमी, पांदीवरले."

"हां हां, वळखतो की!" आणि शेजारच्या माणसाला, "दे रे याला एक करून."

शेजारच्यानं ड्रॉवरमधून कागद काढला. वर तीन फोटो, सोनेरी अक्षरं, खाली सही अगोदरच केलेली. 'सदर युवक माझ्या निकटचा असून अत्यंत होतकरू आहे.' नावापुरती जागा मोकळी. तिथं त्यानं निळ्या पेननं 'मुंजाजी' लिहिलं.

"मुंजाबा," मुंजाबा म्हणाला.

"चालतंय," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

त्रिंबकनं तो कागद पालापर्यंत दोन्ही तळहातांवर आणला, नवसाचं ताट आणावं तसा. बानाबाईनं कोपऱ्याला भंडाऱ्याचं बोट लावलं. पिवळा ठिपका उठला. सीव्हीच्या वर कागद टाचला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. माय म्हणाली, "झालं. लागलीच म्हनायची."

शुक्रवारी सकाळी मुंजाबा गेटवर. तिथला वॉचमन बद्रीनाथ, मूळचा अजिंठ्याकडचा, पन्नाशी उलटलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सीव्ही गोळा करायचं काम त्याच्याकडंच होतं. त्यानं पिशवी उघडली, आणि सरपणाच्या भाऱ्यात विंचू दिसावा तसा हात मागं घेतला.

"हे कुनी लावायला सांगितलं?"

"समदे लावतेत, काका."

"समदे लावतेत, अन् समदे तिकडं जातेत." त्यानं टेबलाखाली बोट केलं. तिथं पुठ्ठ्याचं मोठं खोकं होतं, गच्च भरलेलं. वरच्या कडेनं सोनेरी अक्षरं चमकत होती. नानासाहेबांचे तीन फोटो कमीत कमी पंधरा वेळा. "आतला साहेब ह्येचं दुसरं पानसुदिक उलटत नाय. पुढाऱ्याचं पोरगं घेतलं की उद्या गेटवर झेंडा येतो, असं त्याला वरून सांगून ठिवलंय. दोन सालाखाली आला बी व्हता. लोकल पोरगं आधीच नको, अन् पुढाऱ्याचं लोकल तर अजिबातच नको."

"मी पुढाऱ्याचा नाय, काका. त्यांला माझं नाव धड माहीत नाय. बघा, मुंजाजी लिवलंय."

"मंग त्येचं नाव तुझ्या डोक्यावर कामून?"

आता मुंजाबानं काय सांगायचं? दुकानदार सांगतो, पुढारी लाव, नाहीतर कुणी उघडणार नाही. गेटवरचा सांगतो, पुढारी लावलास म्हणून कुणी उघडणार नाही. आणि 'लोकल नको' म्हणजे काय हो? या कंपनीच्या भिंती जिथं उभ्या आहेत तिथं दहा-बारा वर्षांमागं याच लोकलच्या मेंढ्या बसत होत्या. तेव्हा गावोगाव गाड्या फिरवून सांगत होते, पोरांना नोकऱ्या मिळतील, सह्या करा. सह्या झाल्या. आता पोरगं नोकरी मागायला आलं तर त्याचा पत्ताच त्याचा गुन्हा.

हे सगळं मुंजाबाच्या घशापर्यंत आलं होतं. पण समोर होता तो बद्रीनाथ, आणि बद्रीनाथचा काय दोष? त्याच्याच कपाळावर घाम होता.

"खोक्यात टाकत नाय मी हे," तो म्हणाला. "माघारी ने. उद्या पाचपर्यंत टाईम हाय. खरं वळखनाऱ्याचं नाव घाल. मोठं नसलं तरी चालंल."

पालावर आल्यावर बापाचा भडका उडाला.

"नानासाहेबाचं नाव काढतो? उद्या त्यांला कळालं म्हंजी?"

"बा, त्यांला मी कळालो नाय, हे काय कळतंय?"

"लई शाना झाला. मंग कुनाचं घालतो? आपल्याला वळखतं कोन?" आणि त्रिंबकनंच रागानं उत्तर दिलं, "कुत्रे वळखतेत. गावोगावचे."

बानाबाई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "देवगावची वच्छलाबाई वळखती की."

बाप-लेक दोघंही हसले. मग मुंजाबा हसायचा थांबला.

वच्छलाबाई म्हणजे देवगाव रंगारीची रानमालकीण. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून चौदा एकर एकटीनं कसलेलं. गावातला माणूस तिच्या बांधावरून जाताना आवाज बारीक करतो. आठ वर्षं यांचा कळप दरसाल पहिला तिच्या रानात बसतो. तिनं कुणाचं कौतुक केलेलं कुणी ऐकलेलं नाही. स्वतःच्या बैलाचंसुद्धा नाही. पण ओळखते, हे मात्र खरं. नानासाहेबांपेक्षा तर शंभरदा खरं.

त्यानं फोन लावला.

"काकू, मुंजा बोलतो."

"निगाले का?"

"अजून नाय. मंगळवारी."

"मंगळवारी? माझं रान उघडं पडलंय. हरबरा कवा पेरू, शिमग्याला?"

"काकू, एक काम व्हतं. तुमचं नाव कागदावर घालायचंय."

"कसला कागद? जामीन राहू का तुला? काय करून बसलास?"

"नाय, नोकरीचा हाय. तुमी मला वळखता, एवढंच. साहेबाचा फोन आला तर सांगायचं."

"काय सांगायचं?"

"जे हाय ते."

"जे हाय तेच सांगंन. मंग रडत येऊ नको. हुद्दा काय लिवतो माझा?"

"शेतकरी?"

"मालकीन लिव. सातबाऱ्यावर नाव हाय माझं." मग तिनंच विचारलं, "नोकरी लागली तर मेंढ्या कोन आननार रे इकडं?"

"बा हाय, काकू."

"तुझ्या बापाला गुडघा हाय का?"

मुंजाबानं बापाच्या गुडघ्याकडं पाहिलं.

"घाल नाव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच मुंजाबा रामकिसनच्या शटरपाशी उभा. नवीन मजकूर ऐकून रामकिसननं डोक्याला हात लावला.

"हे रेफरन्स हाय? वच्छलाबाई? लोक हासतील लेका!"

"हासू दे."

"अन् अनुभवात मेंढ्या?"

"आठ सालं. तीनशे मेंढ्या. करमाड ते कन्नड."

"बरं थांब. आपुन त्याला लाइव्हस्टॉक लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह करू. भारी दिसतंय."

"म्हंजी काय?"

"म्हंजी मेंढ्याच. पन कळत नाय."

"कळायलाच पायजे. मेंढ्या लिव."

"भाऊ, माझ्या दुकानातनं असला सीव्ही भाईर पडला तर मला गिऱ्हाईक राहील का?"

"खाली तुझ्या दुकानाचं नाव नको घालू. कावीळ काढ. गॅपमधी लिव, बापाचा गुडघा मोडला म्हनून मेंढ्या राखल्या. क्रिकेट बी काढ. अन् ते ऑनेस्ट."

"ऑनेस्ट बी काढू? मंग राहिलं काय?"

"राहिलं ते राहू दे."

दोघांचं इतकं वाजलं की आधार कार्डाला आलेली एक बाई उठून दुसऱ्या दुकानात गेली. शेवटी रामकिसननं टाइप केलं; दर ओळीला तोंडानं चक् चक् करत, पण इंग्रजी बिनचूक. खाली दोन नावं. एक, वच्छलाबाई, शेतमालकीण, देवगाव रंगारी. दुसरं, पुढच्याच मुक्कामाचे रानमालक कडूबा, ज्यांना फोन केला तर ऐकू येत नाही. पण ते ओळखतात म्हणून घातलं.

सव्वातीनला मुंजाबा गेटवर पोचला. बद्रीनाथनं पानं उलटून पाहिली, वर काही टाचलेलं नाही याची खात्री केली, आणि स्वतः आत नेऊन दिली. दहा मिनिटांत निरोप आला: पोराला पाठवा.

आत एचआरचा साहेब होता. तिशीतला, गळ्यात पट्टा, पुण्याकडचा असावा. टेबलासमोर एक खुर्ची होती, तिच्यावर फायली. मुंजाबा उभा राहिला.

साहेब सीव्ही वाचत होता. वाचता वाचता ओठ दाबत होता. मग राहवलं नाही. त्यानं पलीकडच्या टेबलावरच्याला हाक मारली, "अरे, इकडं ये, हे बघ. एक्सपीरियन्स, शीप. थ्री हंड्रेड!" तो आला. त्यानं वाचलं. "आणि रेफरन्स बघ, लँड ओनर!" दोघं हसले. वाईट हेतूनं नाही हसले. दिवसभर तोच तो ऑब्जेक्टिव्ह वाचून कंटाळलेली माणसं हसतात तसे. पण ज्याच्यावर हसतात त्याला हा फरक काय कामाचा?

"खरंच लावू का यांना फोन?" साहेबानं विचारलं.

"लावा, साहेब," मुंजाबा म्हणाला. कान तापले होते.

साहेबानं नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"हॅलो, वच्छलाबाई बोलताय का? शेंद्र्याहून, कंपनीतून बोलतोय."

"जोरात बोला. मोटार चालू हाय."

"मुंजाबा डोईफोडे यांना ओळखता?"

"मुंज्याला? आठ सालं झाली."

"कसा आहे?"

"कसा म्हंजी? उंच हाय. बारीक हाय."

पलीकडच्या टेबलावरचा तोंडावर हात धरून हसला.

"तसं नाही. कामाला कसा आहे?"

"तुमच्यात काम काय हाय ते सांगा आधी."

"स्टोअरचं. माल येतो, जातो. सांभाळायचा, बघायचं."

"मंग आयका. तीन सालाखाली माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं. कांद्याच्या चाळीत शेवटचा कांदा व्हता, भाव येईल म्हनून ठिवलेला. घरात तर कुनी नाय. किल्ली ह्येच्यापाशी दिली, म्हनलं नुसती नदर ठिव. आठ दिसांनी आले तर निम्मी चाळ भाईर! मी बोलले, मुडद्या, वाटोळं केलंस माझं. तर मला म्हनतो, काकू, कोपऱ्याला सड लागली व्हती, तुमी वल्ला कांदा खाली रचला, चूक तुमची हाय. माझ्या तोंडावर! मला! ह्या गावात कुनाची टाप नाय मला असं बोलायची."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करते? चूक माझीच व्हती. त्यानं अन् त्येच्या मायनं एकेक कांदा हातानं निवडला. सडका येगळा, निब्बर येगळा. मी सांगितलं नव्हतं. राहिलेला समदा वाचला. दुसऱ्या साली ते आले, तवा पानी द्यायच्या आदी किल्ली दिली."

हसणं थांबलं होतं. पलीकडचा माणूस टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला होता, गेला नव्हता.

"त्यांच्यात काही दोष?" साहेबानं विचारलं. हा प्रश्न त्याच्या छापील यादीतला असावा. पण विचारला मात्र खरा.

"हाय की. लई मानी हाय. समोरचा चुकला की बोलतो. तुमी चुकलात तर तुमाला पन बोलंल. आदीच सांगून ठिवते, मंग माझ्या नावानं बोंबलू नका."

"बरं. अजून काही सांगायचंय?"

"सांगायचं नाय, इचारायचंय. पोरगं तिथंच हाय का?"

"हो, समोरच आहेत."

"बसलंय का उभं हाय?"

साहेबानं मुंजाबाकडं पाहिलं. मग खुर्चीवरच्या फायलींकडं.

"उभे आहेत."

"का? खुरची नाय का एवढ्या मोठ्या कंपनीत?"

साहेब उठला. फायली त्यानं स्वतःच्या हातानं उचलून खाली ठेवल्या आणि म्हणाला, "बसा."

"ठिवते, मोटार बंद करायची हाय," फोन म्हणाला आणि बंद झाला.

त्यानंतर वीस मिनिटं साहेब नीट बोलला. माल मोजायचा कसा, नोंद कशी करशील, कॉम्प्युटर येतो का. मुंजाबानं येतं ते येतं सांगितलं, येत नाही ते येत नाही. उठताना साहेबानं हात पुढं केला. "मंगळवारपर्यंत नक्की कळवतो. नाही झालं तरी कळवतो." मुंजाबानं बापाचा कळप मंगळवारी निघायचाय हेही सांगितलं. साहेब म्हणाला, "हो हो, लक्षात आहे."

पालावर बानाबाईनं विचारलं, "काय म्हनला?"

"कळवतो म्हनला. नक्की."

मंगळवार आला. फोन आला नाही. त्रिंबक म्हणाला, साहेब लोकांचा दिवस उशिरा उजाडत असंल, गुरुवारी निघू. गुरुवारी म्हणाला, रविवारी निघू. वच्छलाबाईचा फोन आला: शेजारच्यांची पेरणी झाली, माझं रान तसंच हाय. रविवारी अजून थांबणं कळपाला परवडणारं नव्हतं, इकडचा चारा संपला होता. त्रिंबक निघाला. दुखऱ्या गुडघ्यानं, बानाबाईला आणि दिवसावर घेतलेल्या एका गड्याला घेऊन. गडी तिसऱ्या मुक्कामावरून पळाला. आता दोघंच आहेत, आणि तीनशे मेंढ्या.

आणि मुंजाबा? मुंजाबा करमाडला, मोकळ्या पालात, फोन उशाशी घेऊन. जावं तर कन्नडच्या घाटाकडं रेंज नाही, आणि नेमका तेव्हाच फोन आला तर? न जावं तर बाप लंगडत चाललाय. दोन वेळा गेटवर जाऊन आला. नोकरीचा कागद अजून तिथंच चिकटलेला, एक कोपरा वाऱ्यानं सुटलाय.

"साहेब म्हनतो प्रोसेसमधी हाय," बद्रीनाथनं सांगितलं.

"प्रोसेस म्हंजी काय, काका?"

"मला बी ठाव नाय. माझा बदलीचा अर्ज सात सालं झाली तिथंच हाय."

कंपनीत फोन लावला तर एक पोरगी गोड आवाजात सांगते, शॉर्टलिस्ट झालात तर आम्ही संपर्क करू. म्हणजे झालाय का नाही? ते सांगता येत नाही. मग कुणाला सांगता येतं? तेही सांगता येत नाही. त्यानं ईमेल केला. उत्तर लगेच आलं, मशीनचं: आपल्या स्वारस्याबद्दल आभारी आहोत.

पोरानं कावीळ खोडली, पुढारी काढला, जे होतं ते लिहिलं, उभं राहून हसू ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःच्या पेरणीचं नुकसान समोर दिसत असताना त्याच्यासाठी साक्ष दिली. या सगळ्यांनी आपापलं काम केलं. एकाच माणसाचं काम राहिलंय, आणि ते दोन मिनिटांचं आहे. वच्छलाबाई परवा मुंजाबाला फोनवर म्हणाली, "नाय तर नाय म्हनावं की. मानूस मोकळं तर व्हतं. मी गिऱ्हाइकाला कांदा द्यायचा नसला तर बांधावरूनच सांगते."

आज तो मंगळवार होऊन तेवीस दिवस झाले.

तेव्हा शेंद्र्यात असो, वाळूजमध्ये असो, कुठंही अशा टेबलामागं बसून 'कळवतो' म्हणणारे तुम्ही असाल, तर एवढं करा. तुमची फाइल काढा. ज्याला शब्द दिलाय त्याचा सीव्ही तिच्यात आहे, पहिल्याच पानावर त्याचा नंबर आहे. हो असेल तर हो म्हणा. नाही असेल तर नाही म्हणा. तो काठी उचलून बापाच्या मागं निघून जाईल. पण आज, जेवायला उठायच्या आधी, त्याला फोन लावा.